पौर्णिमेची राजपरीक्षा

चिनी पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमा हा त्या देशाचा शरदोत्सव. आकाशातील पूर्णबिंब, त्याच्याच आकाराचे मूनकेक आणि वाटोळ्या मेजाभोवती जमलेले कुटुंब या साऱ्यांचा अभिप्राय एकच, की दूर गेलेल्याने आज स्वगृही परतावे. त्यामुळे विद्यार्जनासाठी चीनमध्ये राहिलेल्या परदेशी तरुणाला ऐन या सुटीच्या दिवशी आपले परकेपण अधिक जाणवावे, हे स्वाभाविकच होय. परंतु असा तरुण श्यामनमध्ये शिकत असेल, तर त्याची फारशी काळजी करण्याचे कारण नाही.

फूच्यान प्रांताच्या किनाऱ्यावरील या बंदरात सणाच्या दिवसांत ‘बोबिंग’ नावाचा फाशांचा खेळ मांडण्याची जुनी वहिवाट आहे. सतराव्या शतकात, डच कंपनीच्या अमलातील तैवान जिंकण्याची सिद्धता झेंग चेंगगोंग हा सेनानी या मुलखात करीत असता, घरच्या आठवणीने व्याकूळ झालेल्या शिपायांचे मन रमावे म्हणून त्याच्या हाँग शू नामक सरदाराने हा खेळ योजिला, असे सांगतात. आख्यायिकेची सनद कोणी तपासू नये; मोहीम १६६१ मध्ये निघाली आणि पुढील वर्षी डच शरण आले, एवढा इतिहास मात्र पक्का आहे.

मेजाच्या मध्यभागी चिनी मातीचे मोठे वाडगे ठेवलेले असते. ज्याची पाळी असेल त्याने त्यात सहा फासे टाकावयाचे. ते काठावरून घरंगळत, एकमेकांवर आपटत, किणकिणत फिरू लागले, की शेवटचा फासा स्थिरावेपर्यंत साऱ्यांच्या माना वाडग्यावर वाकलेल्या असतात. तिथल्या फाशावर चौक्याचे ठिपके तांबडे असतात आणि या खेळात मान त्या चौक्याचाच. एक चौका पडला तर तुम्ही ‘श्यौत्साय’, दोन पडले तर ‘ज्यूरेन’, आणि चार पडले तर साक्षात ‘जुआंगयुआन’. मात्र कोणी त्याहून सरस दान टाकले, तर ते पद तुमच्या हातून जाते. पारंपरिक हिशेबाने इनामे एकंदर ६३ : तळच्या पायरीची ३२, मग १६, ८, ४, २ आणि सर्वोच्च एकच.

ही नावे बादशाही परीक्षांतील पदव्यांची आहेत. ज्या परीक्षेने शतकानुशतके दरबारातील हुद्दे वाटले, जिच्यासाठी बुद्धिमान माणसांनी आयुष्ये झिजविली, ती १९०५ मध्ये बंद झाली. फाशांच्या वाडग्यात मात्र तिचा निकाल अद्याप दरवर्षी लागतो, आणि तोही असा, की चिनी भाषेचे चार शब्द न येणारा परदेशी विद्यार्थी जुआंगयुआन ठरावा आणि त्याच्या अध्यापकाने श्यौत्सायावर समाधान मानावे. पूर्वी इनामात मूनकेक मिळत. आता साबण, टूथपेस्ट, तेल, तांदूळ असल्या वस्तू मिळतात, आणि वसतिगृहात राहणाऱ्याला त्यांचे मोल अधिक, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि परकेपणाचेच म्हणाल तर, श्यामन विद्यापीठाची स्थापना १९२१ मध्ये ज्यांनी केली, ते चेन ज्यागेंग हेही सिंगापुरात रबराच्या व्यापारावर धनिक झालेले, दीर्घकाळ परमुलखात राहिलेले गृहस्थ होते, हेही येथे सांगितले पाहिजे.

पौर्णिमेचा असाच सण म्हणजे आपली कोजागरी; ती आश्विनातली. चिनी सण बहुधा भाद्रपदी पौर्णिमेस, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या आगेमागे येतो. तथापि २०२५ मध्ये चिनी पंचांगात सहावा महिना अधिक आल्याने ६ ऑक्टोबरच्या एकाच रात्री दोन्ही सण साजरे झाले.

चीनमध्ये शिकणाऱ्या मराठी मुलांना एक सूचना. फाशांच्या मेजावर बोलावणे आले, तर संकोच न करता जावे. मूनकेक मात्र, शाकाहारी असाल तर, विचारूनच घ्यावा, कारण कमळबियांच्या गोड सारणात बदकाच्या खारवलेल्या अंड्याचा बलक बहुधा असतो, आणि वरच्या पारीत पुष्कळदा डुकराची चरबी घातलेली असते.