अंड्यात अंडं!

धार जिल्ह्यातलं बाघ ठाऊक आहे ना, दोस्ता? लेण्यांचं आणि ठशांच्या सुंदर कापडाचं बाघ! त्याच्या जवळच पाडल्या नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांत गोल गोल दगड सापडायचे. सोललेल्या नारळापेक्षाही मोठे! गावकरी म्हणायचे, हा काकर भैरव. शेत राखणारा, गुरं राखणारा देव. मग काय, त्याची पूजा व्हायची, नारळ फुटायचा.

2023 मध्ये लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले शास्त्रज्ञ तिथे आले. त्यांनी ते गोळे पाहिले आणि ओळखले. ओळख बघू, काय होते ते?

अंडी! चक्क डायनोसॉरची अंडी! साडेसहा कोटी वर्षांहून जुनी, पार दगड झालेली!

ही अंडी टायटॅनोसॉरची. लांब मान, लांब शेपूट आणि खाणं मात्र झाडपाला! धारच्या या भागात त्यांची 92 घरटी आणि 256 अंडी सापडली आहेत. केवढी मोठी वसाहत!

पण खरी गंमत पुढेच आहे. पाडल्याजवळच्या एका घरट्यात दहा अंडी होती. त्यातल्या एकाला एक सोडून दोन कवचं! बाहेर एक कवच, मग मोकळी जागा, आणि आत दुसरं कवच. अंड्याच्या पोटात अंडं! दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी 2022 मध्ये ही बातमी दिली आणि जगभरचे शास्त्रज्ञ चकित झाले.

का? कारण असा घोटाळा तोवर फक्त पक्ष्यांमध्येच पाहिला होता! कोंबडीच्या पोटात एकेक अंडं तयार होतं. कधीतरी तयार अंडं बाहेर यायचं सोडून उलटं मागे सरकतं. तिथे नव्या अंड्याची तयारी चाललेली असते. मग त्या नव्या अंड्याचं कवच जुन्यालाही गुंडाळून टाकतं. झालं अंड्यात अंडं! कासवं आणि पाली मात्र सगळी अंडी एकदमच तयार करतात. त्यांच्यात हा प्रकार दिसत नाही.

मग एवढ्या अवाढव्य टायटॅनोसॉरचा आणि कोंबडीचा संबंध काय?

तुझं आणि तुझ्या आत्येबहिणीचं नाक सारखं असतं ना? ती काही तुझी आई नव्हे! पण दोघांची आजी एकच, नाक तिच्याकडून आलेलं. तसंच हे. टायटॅनोसॉर कोंबडीचा आजोबा नाही, फार फार लांबचा नातलग आहे. दोघांचे पूर्वज खूप मागे जाऊन एकच! चार्ल्स डार्विननं 1859 च्या पुस्तकात हेच तर मांडलं.

काही जणांना हे पटत नाही. ते म्हणतात, प्रत्येक प्राणी देवानं वेगवेगळा घडवला, आणि घडवणारा एकच, म्हणून प्राणी सारखे दिसतात. 2018 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, केंद्रातले एक राज्यमंत्रीही म्हणाले की डार्विन चुकला, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेलं नाही. देशातल्या तीन मोठ्या विज्ञान अकादमींनी लगेच सांगितलं, हे बरोबर नाही!

आणि गंमत म्हणजे माकडाचा माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही! आजची माकडं आणि आपण, दोघांचे पूर्वज एक, एवढंच ते म्हणतं.

बरं, 'कुणी पाहिलं नाही' म्हणावं, तर टायटॅनोसॉरला अंडी घालतानाही कुणी पाहिलं नाही. पण अंडी आहेत ना! 1861 मध्ये जर्मनीत आर्किऑप्टेरिक्स नावाच्या प्राण्याचा सांगाडा मिळाला. अंगावर पिसं, तोंडात दात आणि हाडांची लांब शेपूट! अर्धा पक्षी, अर्धा डायनोसॉर. सगळे वेगवेगळे घडवले असते, तर असा मधलाच कशाला हवा होता? मला तरी डार्विनचंच पटतं.

मग काकर भैरवाचं काय? त्याला नमस्कार करायला विज्ञानाची काही हरकत नाही. तो दगड कसा झाला, एवढंच विज्ञान शोधतं. उलट देव मानल्यामुळे लोकांनी ते गोळे जपलेच!

बाघजवळ डायनोसॉर जीवाश्मांचं राष्ट्रीय उद्यान आहे. कधी गेलास किंवा गेलीस, तर एक कर. शेतात गोल दगड दिसला, तर फोडू नको, खिशातही घालू नको. जागा लक्षात ठेव आणि उद्यानातल्या माणसांना सांग!