विश्लेषण : अब्जावधी रुपये पडून, तरीही सू आदिवासी ते का घेत नाहीत?

अमेरिकी सरकारकडे सू आदिवासींच्या नावाने जमा असलेली रक्कम व्याजासह १ अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. ती घ्यायला ते तयार नाहीत. त्यांना ब्लॅक हिल्सचे डोंगर परत हवेत.

नेमके प्रकरण काय?

१८६८ च्या फोर्ट लॅरमी कराराने आजच्या साऊथ डकोटातील हे डोंगर सू लोकांसाठी राखले गेले. त्यातली जमीन घ्यायची तर तीन-चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात, अशी अट होती. १८७४ मध्ये तिथे सोने सापडले. मग रेशन बंद करण्याची धमकी देऊन सह्या गोळा झाल्या, त्याही जेमतेम १० टक्के पुरुषांच्या. १८७७ मध्ये कायदा करून डोंगर ताब्यात घेतले गेले.

३० जून १९८० रोजी सुप्रीम कोर्टाने ८ विरुद्ध १ मतांनी भरपाई मान्य केली. १८७७ ची किंमत १ कोटी ७१ लाख डॉलर आणि त्यावर ५ टक्के व्याज, म्हणजे एकूण सुमारे साडेदहा कोटी. सू लोकांचे म्हणणे एवढेच, की जमीन विकायला काढलीच नव्हती.

लिबर्टेरियन विचार इथे का अडतो?

रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये मांडलेला सिद्धांत सातबाऱ्यावरच्या फेरफारांसारखा चालतो. मूळ ताबा योग्य आणि पुढचे व्यवहार राजीखुशीचे असतील, तर मालकी न्याय्य. मधलीच नोंद खोटी निघाली तर? त्यासाठी 'चूक दुरुस्ती'चे तिसरे तत्त्व आहे, पण त्याचा तपशील नोझिक यांनी मोकळाच सोडला. अन्याय झाला नसता तर आज कोणाकडे काय असते, हा हिशेब दीडशे वर्षांनी मांडायचा कसा?

जुना अन्याय निस्तरलेला नसेल, तर केवळ या सिद्धांताच्या जोरावर सरकारी मदत योजनांना चूक ठरवता येत नाही, हेही नोझिक यांनी मान्य केले होते. त्यांचे चाहते हे पान सहसा उलटून पुढे जातात.

आजच्या मालकांचे काय?

परिस्थिती बदलल्यावर जुना हक्क क्षीण होऊ शकतो, असे जेरेमी वॉल्ड्रन यांनी १९९२ मध्ये मांडले. प्रामाणिकपणे घर विकत घेतलेल्या माणसाबाबत ते पटते. पण ब्लॅक हिल्सचा मोठा भाग सरकारी जंगल आहे आणि करार मोडणारेही तेच सरकार. १९८५ मध्ये सिनेटर बिल ब्रॅडली यांनी सुमारे १३ लाख एकर सरकारी जमीन परत देण्याचे विधेयक आणले. खासगी जमिनींना त्यात हात लावलेला नव्हता. तरीही ते मंजूर झाले नाही.