पोपटीच्या मडक्यात काय काय आहे? अलिबाग ते कोर्लई, एका दिवसात

आजचा भाग कानात घालून तुम्ही थेट बाईकला किक मारू शकता. रायगडच्या किनाऱ्यावर आपण बीच सोडून बाकी सगळं बघणार आहोत. म्हणजे काय, तर इथे समुद्रातून कोण कोण आलं आणि त्यातलं आज ताटात आणि बोलण्यात काय उरलंय.

पहिला थांबा, अलिबागच्या उत्तरेचं नवगाव. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज इथेच जहाज फुटून किनाऱ्याला लागले. गावात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. आडनावं तर आपलीच: नवगावकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर.

आता जेवणाचं बघा. ज्यू नियमानुसार मांस आणि दूध एकत्र चालत नाही. मग रस्सा दाट कसा करायचा? उत्तर अंगणातच उभं होतं: नारळ! नारळाच्या दुधाने धर्मही राहिला आणि कालवणही कोकणी झालं. मासे फक्त खवलं आणि पर असलेले, म्हणजे कोलंबी, खेकडे बाद. शुभप्रसंगी एलियाहू हनाबीच्या नावाने 'मलिदा' होतो: भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, ओलं खोबरं आणि फळं. आपल्या गोड पोह्यांचा सख्खा भाऊच म्हणा ना! 1948 नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग मात्र अजून उभं आहे.

दुसरा थांबा चौल-रेवदंडा. जुनं मोठं बंदर. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी इथेच उतरला होता. इथली माणसं उजव्या हाताने जेवतात, चमचा वापरत नाहीत, याची त्याने नोंद करून ठेवली. एका अर्थाने आपला पहिला रशियन फूड व्लॉगर!

पुढच्या शतकात पोर्तुगीज आले. मिरची, बटाटा, काजू, पपई ही सगळी अमेरिकेतली पिकं त्यांच्यामार्फत आपल्याकडे पोचली. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दसुद्धा त्यांचेच.

रेवदंड्याचा खाडीपूल ओलांडला की कोर्लई. 1740 मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज गेले. पण गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून तयार झालेली एक बोली आजही ऐकू येते. बोलणारे तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. तिची गंमत अशी: पोर्तुगीजमध्ये 'मी खातो भात' असा क्रम, तर इथे मराठीसारखं 'मी भात खातो'. शब्द पोर्तुगीज, वाक्याचा सांगाडा मराठी. माझ्या भाषेत सांगायचं तर लायब्ररी एकाची, आर्किटेक्चर दुसऱ्याचं! ही बोली टिकली ती वस्ती छोटी आणि लग्नं आपापसात, म्हणून. आता बोलणारे जेमतेम हजारभर. शाळा मराठीत, नोकरी मुंबईत. म्हणजे घरात बोलणं थांबलं की संपलं.

आणि आता तो पदार्थ, ज्याची तुम्ही वाट बघताय. पोपटी!

भात कापून झाला की त्याच शेतातल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. वेगळं पाणी नाही. डिसेंबर-जानेवारीत शेंगा भरतात, तोच पोपटीचा सीझन. मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेलं मसाल्याचं चिकन. तोंड पुन्हा भांबुर्ड्याने गच्च बंद. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती काटक्या, गवत पेटवायचं. पाण्याचा थेंब नाही. शेंगांची आणि पाल्याची स्वतःची वाफच सगळं शिजवते. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. 'चर्र' होऊन क्षणात सुकलं की समजायचं, झालं.

आता त्या मडक्यात बघा: वाल आणि भांबुर्डा इथल्या मातीचे, बटाटा आणि मिरची समुद्रापलीकडची. सगळा किनाराच आत आहे.

पण एक गोष्ट साधी आहे. भातशेती नसेल तर वाल नाही, आणि वाल नसेल तर पोपटी नाही. अलिबागचा पांढरा कांदाही भातानंतरच लागतो. 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला, मुंबई आणखी जवळ आली आणि शेतांचे प्लॉट पाडणं सोपं झालं. शेतावर बंगला बांधला की तिथे पोपटीचा फोटो भिंतीवर लावता येईल, शेंगा नाही लागणार.

म्हणून जानेवारीत जा. रिसॉर्टच्या 'पोपटी नाईट'पेक्षा एखाद्या शेतकऱ्याला आधी फोन करून त्याच्याच वावरात पोपटी लावायला सांगा, योग्य पैसे द्या. मार्चनंतर गेलात तर कांद्याची एक माळ घेऊन या. आणि कोर्लईत कुणाच्या तोंडासमोर मोबाईल धरून 'तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना' असं नको. आधी ओळख करून घ्या, चहा प्या. मग ऐका.

भेटू पुढच्या भागात!