न्योक्की : नावात बटाटा नाही

मेनूकार्डावर वाचून बरेच जण ‘ग्नोची’ मागवतात आणि वेटरही काही बोलत नाही. इटालियनमध्ये मात्र ‘जी’ आणि ‘एन’ शेजारी आले की ‘न्य’ होतो आणि ‘आय’च्या आधी आलेला ‘सीएच’ हा ‘क’. म्हणून न्योक्की. हे झालं अनेकवचन. एकच गोळा असेल तर न्योक्को. ताटात एकटा न्योक्को कुणी वाढत नाही, पण मठ्ठ माणसाला इटलीत खुशाल ‘न्योक्को’ म्हणतात.

उच्चाराचं एक वेळ सोडून देऊ. पण न्योक्की म्हणजे बटाट्याचे गोळे, आणि नावाचा अर्थही तसाच काहीतरी असणार, हा समज जास्त चिवट आहे. नावात बटाटा औषधालाही नाही. ‘नोक्क्यो’ म्हणजे लाकडातली गाठ आणि ‘नोक्का’ म्हणजे मूठ आवळल्यावर वर येणारा बोटाचा सांधा. अभ्यासक न्योक्कोचा संबंध या दोनपैकी एकाशी लावतात. दोन्हींच्या मागे बहुधा लोंबार्डांची भाषा आहे. ही जर्मानिक टोळी ५६८ साली उत्तर इटलीत उतरली. तेव्हा पदार्थ इटालियन म्हणून नावही लॅटिनच, असं धरून चालता येत नाही. आपली मुटकुळी जशी पिठावरून नव्हे, मुठीवरून ओळखली जातात, तसंच इथेही नाव आकाराचं आहे.

बटाटा युरोपात पोचला सोळाव्या शतकात, आणि पुढे कितीतरी काळ तिथले लोक त्याच्याकडे संशयानेच पाहत होते. पोपच्या स्वयंपाकघरातला आचारी बार्तोलोमेओ स्काप्पी याचा ग्रंथ १५७० मध्ये छापला गेला. त्यात न्योक्की आहेत, पण पीठ आणि पावाच्या चुऱ्याच्या. बटाट्याच्या न्योक्की घरोघरी रुळल्या त्या एकोणिसाव्या शतकात. १८९१ च्या आपल्या पाकपुस्तकात पेल्लेग्रीनो आर्तूझी एका बाईंची फजिती सांगतो: पीठ कमी पडलं, उकळत्या पाण्यात चमचा फिरवला, तर न्योक्की गायब! बटाटा ओलसर असला की आजही हेच होतं. म्हणून जुना, पिठूळ बटाटा घ्यावा, गरम असतानाच कुस्करावा म्हणजे मैदा हात राखून घातला तरी पुरतो. काट्याच्या दातांवरून वळवताना पडणाऱ्या रेघा शोभेच्या नसतात, त्यांत सॉस धरून राहतो. पाठीमागे अंगठ्याने पडलेल्या खळग्यामुळे गोळा आतपर्यंत शिजतो.

न्योक्की उकडलेलीच असते हेही खरं नाही. रोमची न्योक्की रव्याची: दुधात शिजवायची, थापून गार करायची, गोल चकत्या पाडून वर लोणी-चीज घालून ओव्हनमध्ये भाजायची. मोदेनाचा ‘न्योक्को फ्रित्तो’ तर गोळाही नाही, तळून फुगवलेला कणकेचा चौकोन. तो डुकराच्या खारवलेल्या मांसाबरोबर खातात.

इटालियन स्थलांतरितांबरोबर हा शब्द अर्जेंटिनात गेला. तिथे दर महिन्याच्या २९ तारखेला न्योक्की खायची आणि ताटाखाली नोट ठेवायची प्रथा आहे. त्यावरून सरकारी कचेरीत महिनाभर न फिरकता पगारापुरता उगवणाऱ्या माणसालाही तिथे ‘न्योकी’ म्हणतात.