ड्रममध्ये काय काय पडलं?

फवारणी म्हटलं की पाठीवर पंप घेतलेला पुरुष डोळ्यांसमोर येतो. पण त्या पंपासाठी डोक्यावरून पाणी आणतं कोण? ड्रममध्ये औषध ओतून काडीनं, आणि काडी सापडली नाही तर चक्क हातानं, ढवळतं कोण? बचत गटाच्या कामासाठी मी यवतमाळकडच्या गावांत जाते. तिथं हे काम सर्रास बाईचं असतं. म्हणून मैत्रिणींनो, शेतीच्या पानावरचा हा विषय आज आपल्या पुरवणीत.

अळीला एक, तुडतुड्याला एक, बुरशीला एक आणि पीक हिरवं दिसावं म्हणून वर खत किंवा टॉनिक. मजुरी वाचावी म्हणून सगळं एकाच फवारणीत. ‘‘दुकानदारानं चार डब्या देल्या ताई, एकाच पंपात टाक म्हणे. मंग टाकल्या,’’ एकीनं सहज सांगितलं. एकत्र फवारणी मुळातच वाईट असं नाही. काही औषधं एकमेकांत चालतात, तसं त्यांच्या माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं. पण ते बारीक अक्षर वाचतो कोण!

दुधात लिंबू पिळलं की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. कॅल्शियम नायट्रेट आणि ०:५२:३४ सारखं स्फुरदाचं खत एकत्र दाट केलं की तसाच पांढरा साका धरतो. मॅग्नेशियम सल्फेटबरोबरही तेच. मग नोझल चोंदतो, आणि तो तोंडानं फुंकणारे महाभाग मी पाहिलेत! मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण तर एकट्यानंच फवारायचं. चुन्यामुळे ते अल्कधर्मी असतं, आणि अशा पाण्यात बरीच कीटकनाशकं निकामी होतात. इथं डोळ्यांना काहीच दिसत नाही. अळी मरत नाही, म्हणून पुढच्या वेळी डोस वाढतो, एवढंच.

यावर एक साधी परीक्षा आहे. हातमोजे घालून, मोकळ्या हवेत, पारदर्शक बाटलीत ज्या विहिरीचं पाणी वापरायचं त्याचंच अर्धा लिटर घ्यायचं. दहा लिटरला २० मिली औषध असेल, तर यात १ मिली. सिरिंजनं मोजता येतं. आधी पाण्यात मिसळणारी भुकटी, मग दाट प्रवाही औषध, मग पाण्यात दुधासारखं पांढरं होणारं तेलकट औषध. प्रत्येक वेळी हलवायचं आणि अर्धा तास ठेवायचं. गुठळ्या, थर, तळाशी गाळ दिसला किंवा बाटली गरम लागली, तर ते मिश्रण नको. बाटलीत ठीक वाटलं तरी आधी चार झाडांवर मारून दोन-तीन दिवस पानं करपतात का ते बघायचं. ती बाटली मात्र पुन्हा घरात आणायची नाही.

पीक करपलं तर हंगाम जातो. माणसाचं तसं नाही. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक जणांचा जीव गेला, शेकडो दवाखान्यात होते. कपाशी डोक्याइतकी वाढलेली, फवारा अंगावरच येत होता. वेगवेगळी औषधं मिसळून मारण्याचीही तेव्हा बरीच चर्चा झाली. त्यातला डॉक्टरांपुढचा पेच फार कमी लोकांना ठाऊक आहे. ऑर्गेनोफॉस्फेट गटाच्या विषावर अ‍ॅट्रोपिन देतात. पण पायरेथ्रॉइड गटाच्या विषावर असा खास उतारा नाही, तिथं लक्षणं बघूनच उपचार. चार औषधं एकत्र अंगात गेली आणि सोबतच्या माणसाला एकाचंही नाव सांगता येत नसेल, तर डॉक्टरांनी काय ओळखायचं?

म्हणून आमच्या गटात ठरवलंय, ड्रममध्ये जे पडेल त्याचं नाव दारामागच्या कालनिर्णयवर त्या तारखेला लिहायचं. लिहिता येत नसेल तिनं रिकाम्या डब्या हंगामभर गोठ्याबाहेर एका पोत्यात, पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवायच्या. चक्कर आली, उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारलं, की अंगावरचे कपडे काढून साबणानं धुवायचं आणि डब्यांसकट दवाखाना गाठायचा.

दुकानदाराशी वाद घालायची हिंमत बायकांना होत नाही, हे खरंच आहे. त्यावर आमच्यातल्या एका काकूंनीच तोड काढली. त्या एवढंच म्हणतात, ‘‘भाऊ, हे सगळं एकात चालते ना? मंग तसं बिलावर लिहून दे.’’ त्या दिवशी चार डब्यांच्या दोन झाल्या.