विश्लेषण : क्रूझरवर पाय पुढे हवेत की मध्ये?

उसाचे बिल हातात आले की गाडी बदलण्याचा विषय शिरोळ तालुक्यातल्या अनेक घरांत निघतो. अलीकडे त्यात क्रूझरची नावेही ऐकू येतात. सीसी, मायलेज, रंग आणि हप्ता यांवर भरपूर खल होतो. फूटपेग, म्हणजे पाय ठेवायची खुंटी, पुढे आहे की मध्ये याकडे मात्र बहुतेकांचे लक्ष गाडी दारात आल्यावर जाते. सीट, हँडल, आरसे नंतर बदलता येतात. पायांची जागा बदलणे तितके सोपे नाही.

फॉरवर्ड आणि मिड म्हणजे काय?

मोटारसायकलवर मागचा ब्रेक उजव्या पायाशी आणि गिअर डाव्या पायाशी असतो. फूटपेग जिथे, तिथेच हे दोन्ही. मिड कंट्रोलमध्ये पाय साधारण गुडघ्याखाली येतात आणि बैठक खुर्चीसारखी होते. फॉरवर्ड कंट्रोलमध्ये फूटपेग इंजिनच्या पुढच्या अंगाला असतात आणि पाय आरामखुर्चीत पसरावेत तसे पसरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गाड्या कापून-जोडून ‘चॉपर’ बनवणाऱ्यांनी ही ढब लोकप्रिय केली आणि १९६९ च्या ‘ईझी रायडर’ चित्रपटाने ती जगभर नेली.

आपल्याकडे ही बैठक सर्वसामान्यांपर्यंत आणली ती बजाजने. आधी कावासाकीसोबतच्या एलिमिनेटरने आणि २००५ पासून अ‍ॅव्हेंजरने. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या रॉयल एनफिल्ड मिटिऑर ३५० चे फूटपेग थोडेच पुढे आहेत. हार्लेच्या मोठ्या गाड्यांसारखे अगदी टोकाला पाय नेणारे मॉडेल आपल्या बजेटमध्ये जवळपास नाहीच. त्यामुळे इथल्या ग्राहकाचा प्रश्न ‘किती पुढे’ असा असतो.

फरक समजून घ्यायला रॉयल एनफिल्डच्याच दोन गाड्या सोयीच्या. सुपर मिटिऑर ६५० आणि शॉटगन ६५० यांचे ६४८ सीसीचे इंजिन एकच, वजनही २४० किलोच्या आसपास सारखेच. सुपर मिटिऑरचे फूटपेग पुढे आणि सीटची उंची ७४० मिलिमीटर. शॉटगनचे फूटपेग मध्ये आणि सीट ७९५ मिलिमीटरवर. दोन्हींवर पाठोपाठ बसून पाहिले की एकाच इंजिनाच्या गाड्या किती वेगळ्या वाटू शकतात ते कळते.

शरीराचा भार जातो कुठे?

मिड कंट्रोलवर भार सीट आणि पाय यांच्यात वाटला जातो. खड्डा दिसला की पायांवर जोर देऊन सीटवरून दोन बोटे उठता येते. बसणारा धक्का गुडघे झेलतात. फॉरवर्डवर पाय पुढे गेल्याने असे उठताच येत नाही. मग सगळा भार माकडहाडावर आणि कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो आणि प्रत्येक आदळ्याचा हिशेब तिथेच होतो. त्यात क्रूझरच्या मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरना खालीवर व्हायला जागा सहसा कमी असते, म्हणजे गाडीकडूनही फारशी मदत नाही.

शोरूममध्ये हे कळत नाही. उभ्या गाडीवर पाच मिनिटे बसले तर फॉरवर्डच जास्त आरामदायी वाटते, आणि तिथेच फसगत होते.

शिरोळच्या रस्त्यांवर काय होते?

जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड हा रोजच्या ये-जा करण्याचा रस्ता. गावे जवळजवळ, त्यामुळे गतिरोधकही जवळजवळ, आणि त्यातल्या कित्येकांवर पट्टे नसतात. जमीन काळी, ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा रस्ता लाटांसारखा खालीवर होतो. पावसाळ्यात कृष्णा-पंचगंगेचे पाणी चढून उतरले की खड्ड्यांची भर पडते. अशा रस्त्यावर दिवसाला वीस-तीस किलोमीटर फिरणाऱ्याला सीटवरून उठता येणे ही चैन नाही, गरज आहे.

गळीत हंगामाचा प्रश्न आणखी वेगळा. दत्त कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात, रस्त्यावर उसाची कांडी आणि फडातून चाकांना लागून आलेला चिखल पडलेला असतो. चाक घसरू लागले तर मिडवर पायांनी भार एका बाजूला देऊन गाडी सावरण्याचा प्रयत्न तरी करता येतो. फॉरवर्डवर ते काम बहुतांशी हातांवरच येते. पौर्णिमेला नृसिंहवाडीच्या गर्दीत मुंगीच्या गतीने जाताना क्लच अर्धा सोडून मागचा ब्रेक हलका दाबून ठेवावा लागतो. पाय खाली असले की ते अंगवळणी पडल्यासारखे होते, लांब असले की पोटरी भरून येते. मिडची एक अडचण मात्र खरी आहे. पाय जमिनीवर टेकवताना नेमका फूटपेग नडगीत येतो. फॉरवर्डवर ती जागा मोकळी असते.

ब्रेकचा मुद्दा महत्त्वाचा का?

रात्री मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अचानक पुढे दिसते तेव्हा हा फरक जिवावर येऊ शकतो. ताशी ८० किलोमीटरला गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. पाय ब्रेकपर्यंत पोचायला अर्धा सेकंद जास्त लागला तर ११ मीटर तिथेच गेले. मिडवर घोट्याच्या हालचालीने ब्रेक हवा तेवढा दाबता येतो. फॉरवर्डवर पाय ताणलेला असेल तर सगळा पाय ढकलला जातो आणि मागचे चाक जाम होण्याची शक्यता वाढते. १२५ सीसीवरील गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, पण अ‍ॅव्हेंजरसारख्या सिंगल चॅनेल गाडीत ते फक्त पुढच्या चाकाला असते. मागचे चाक पायाच्याच हवाली राहते.

बुटक्यांना क्रूझर, उंचांना इतर?

हा समज अर्धाच बरोबर आहे. सीट खाली असल्याने कमी उंचीच्या चालकाचे पाय सिग्नलला जमिनीवर नीट टेकतात, हे खरे. पण चालताना त्याच पायांना पुढचे फूटपेग गाठायचे असतात. ते गाठण्यासाठी चालक सीटवर पुढे सरकतो, मग हँडल छातीशी येते आणि कंबर वाकडी होते. उलट सहा फुटी माणसाचे गुडघे मिडवर फार दुमडतात आणि तासाभरात आखडतात. त्याला फॉरवर्ड खरोखर मानवते.

मग फॉरवर्ड कोणासाठी?

लांबच्या, सरळ रस्त्यासाठी. हातकणंगलेमार्गे शिरोलीला जाऊन पुणे-बेंगळुरू महामार्ग धरला आणि ८०-९० चा वेग कायम ठेवला की पसरलेले पाय सुखावतात. त्याच्या पुढे वेग गेला तर वारा छातीवर आणि मांड्यांवर धरतो, हातांनी हँडल ओढून धरावे लागते आणि खांदे दुखू लागतात. आंबोलीसारख्या घाटात फूटपेग खाली आणि पुढे असलेली गाडी वळणावर कलली की फूटपेग रस्त्याला घासतात.

मधला मार्ग म्हणून मिड कंट्रोलच्या गाडीला लेगगार्डवर जादा फूटपेग लावून घेणारे बरेच आहेत. मोकळ्या महामार्गावर पाय ताणायला ते ठीक, पण तिथे ना ब्रेक असतो ना गिअर. गावातून जाताना पाय लेगगार्डवर ठेवणे म्हणजे मागचा ब्रेक सोडून देणेच.

नंतर किट बसवले तर?

फॉरवर्ड कंट्रोलचे तयार किट मिळते. त्यात गिअरचा दांडा लांब सळईने जोडतात, ब्रेकचा पेडल पुढे नेतात, ब्रेक हायड्रॉलिक असेल तर त्याची मांडणीही बदलावी लागते. सांधे वाढले की ढिलाई येते आणि ब्रेकलाइटचा स्विच चुकला तर मागच्याला आपण थांबतोय हे कळतच नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांवर मर्यादा घालते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले आहे. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर असे बदल पाहतोच.

त्यापेक्षा पैसे भरण्यापूर्वी टेस्ट राइड मागावी, आणि ती शोरूमपुढच्या गुळगुळीत पट्ट्यावर उरकू नये. किमान अर्धा तास, पाच-सहा गतिरोधक, एक यू-टर्न आणि मोकळ्या जागी एकदा जोरात ब्रेक. सीटवर पुढे न सरकता ब्रेक पूर्ण दाबता येतो का आणि तेव्हा गुडघ्यात थोडा बाक उरतो का, हे पाहावे. बूटही रोज घालतो तेच असावेत. चपलेवर गाडी चालवायची सवय असेल तर ती सोडण्याचा मुहूर्तही हाच.