पेन्शन कधी घ्यावी? दोघांनी मिळून ठरवा

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालवलेली मंडळी नेरूळ-कोपरखैरण्यात भेटली, की हमखास विचारतात, ‘पेन्शन आत्ता घेऊ की थांबू?’ मी उलट विचारतो, ‘वहिनींशी बोललात का?’

ही पेन्शन म्हणजे भविष्यनिर्वाह निधीला जोडलेली 1995 ची कर्मचारी पेन्शन योजना. किमान 10 वर्षे सेवा झाली असेल, तर 58 व्या वर्षी पूर्ण पेन्शन मिळते. नोकरी सुटली असल्यास ती पन्नाशीनंतरही मागता येते. मात्र 58 ला जितकी वर्षे बाकी, तितक्या वर्षांसाठी दरसाल 4 टक्क्यांनी ती घटते. ही घट कायमची. उलट 60 पर्यंत थांबल्यास दरसाल 4 टक्के वाढ मिळते.

मग थांबणेच बरे, असे वाटेल. जरा हिशेब करू. समजा, 58 व्या वर्षी दरमहा 5,000 रुपये मिळणार आहेत. एक वर्ष थांबलात, तर 60,000 रुपये सोडले. पुढे दरमहा 200, म्हणजे वर्षाला 2,400 रुपये जास्त. सोडलेले पैसे भरून यायला 25 वर्षे! शिवाय या पेन्शनला महागाई भत्ता नाही. म्हणून माझे मत असे, की 58 ला ती घ्यावी. पगार चालू असतानाही घेता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

लवकर घेण्याची गोष्ट वेगळी. पेन्शनर गेल्यावर जोडीदाराला त्याच्या पेन्शनच्या निम्मी रक्कम मिळते. नवऱ्याने घटलेली पेन्शन घेतली असेल, तर बायकोच्या वाट्याला त्या घटलेल्या रकमेचा निम्मा भाग येतो. आपल्याकडे बायको सहसा वयाने लहान असते. मागे बरीच वर्षे तिला एकटीने काढावी लागू शकतात.

तेव्हा बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी कारखाना बंद पडला, तर अर्ज करण्यापूर्वी दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन बसावे. एकाच्या पगारावर घर भागत असेल, तर 58 पर्यंत थांबावे. दोघांचीही नोकरी सुटली आणि एक पेन्शन लवकर घ्यावीच लागली, तर लहान आधी घ्यावी, मोठी शाबूत ठेवावी. दुसरा काहीच आधार नसेल, तर मात्र संकोच न करता घ्यावी. घर चालणे महत्त्वाचे.

आणि अर्ज भरताना जोडीदाराचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाशी ताडून पाहा. तिथली चूक पुढे मागे राहणाऱ्यालाच निस्तरावी लागते.